जीपच्या बॉनेटखालचा फ्रान्स



गेले तीन आठवडे अद्रकीच्या कंदकुजीवरच लिहितोय. आज पिकाला सुट्टी. आज गाड्यांचं लिहितो. पण बोलणं शेवटी शेतावरच येणार आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागात कुणालाही विचारा, "तुम्ही कधी फ्रान्सच्या गाडीत बसलात का?" माणूस हसतो. म्हणतो, कुठं फ्रान्स आन् कुठं पिशोर! पण पिशोर-कन्नड, पिशोर-भराडी, कन्नड-चाळीसगाव या रस्त्यांवर पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी काळी-पिवळीच्या मागच्या फळीवर लटकून प्रवास केला, त्यातल्या कित्येकांना फ्रान्सच्या इंजिनानंच घरी आणून सोडलेलं आहे. गाडीवर नाव महिंद्राचं, आकार अमेरिकन जीपचा आणि बॉनेटखाली इंजिन प्युजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचं. ओळखायची खूण सोपी होती. मॉडेलच्या आकड्यापुढं दोन अक्षरं असायची. 'डीआय' असलं तर ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन. 'डीपी' असलं तर डिझेल प्युजो. आमच्याकडचे मिस्तरी त्याला 'पिजोट' म्हणायचे. कंपनी कुठली, देश कुठला, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. "गाडी डीआय का पिजोट?" एवढाच प्रश्न असायचा, आणि त्याच्यावर चहाच्या टपरीवर तास-तास वाद चालायचा.

माझ्याकडं अशी एक डीपी जीप १९९८ पासून आहे. एमएम ५४०, १९८९ ची. कन्नडच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली. तेव्हा माझं वय ऐन पंचविशीतलं, कापसाचे पैसे हातात आलेले. घरात म्हातारे म्हणत होते, एक चांगली बैलजोडी घे. मी जीप घेतली. त्या इंजिनाचं मूळ गाव कोणतं, त्या देशात गाड्या कशा बनवत असतील, याची उत्सुकता तेव्हापासूनची. पुढं मोबाईल आला, पोरानं शोधायला शिकवलं, आणि मग रात्री पाण्याच्या पाळीला बसल्या बसल्या मी फ्रान्सच्या गाड्यांचा इतिहास वाचत गेलो. जे वाचलं त्यात आपल्या कामाचं बरंच निघालं.

सुरुवात प्युजोपासूनच करू. हे घराणं मूळचं पिठाच्या गिरणीवालं. १८१० साली प्युजो भावांनी घरची धान्याची गिरणी बदलून तिथं पोलादाचा कारखाना सुरू केला. मग करवती, अवजारं, कॉफी दळायच्या आणि मिरी दळायच्या चक्क्या, मग सायकली, आणि त्यानंतर मोटारी. त्यांच्या गाडीवर जो सिंह असतो ना, तो मुळात करवतीवरचा. करवतीचे दात सिंहाच्या दातासारखे टिकतात, हे सांगायला तो छापला. १८५८ साली त्या सिंहाची अधिकृत नोंद झाली. म्हणजे ज्या सिंहाला आपण मोटारीचा समजतो, तो लाकूडतोड्याच्या अवजारावरनं आलेला आहे.

आता दुसरी कंपनी, सिट्रोएन. १९३० च्या दशकात ही कंपनी अडचणीत आली आणि टायरवाल्या मिशेलिन कंपनीकडं गेली. तिथं प्येर-ज्यूल बुलांजे नावाचे साहेब प्रमुख झाले. त्या काळी फ्रान्सच्या खेड्यात शेतकरी अजून घोडागाडीवरच होता. बुलांजेंनी आपल्या इंजिनिअरांना जे काम सांगितलं ते वाचून मी दोनदा मोबाईल खाली ठेवला. त्यांनी गाडी किती देखणी हवी, किती पळायला हवी असं काही सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं: लाकडी बूट घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन गाडी ताशी ६० किलोमीटरनं गेली पाहिजे. १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल लागलं पाहिजे, म्हणजे लिटरला तेहतीस. आणि टोपलीत अंडी ठेवून नांगरलेल्या रानातून गाडी नेली, तर एकही अंडं फुटता कामा नये.

मंडळी, नांगरलेलं रान म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर ढेकळातनं चालताना माणसाचा पाय मुरगळतो. त्यातनं अंडी न्यायची!

ही अट पुरी करायला त्यांनी जे केलं त्यामुळं ती गाडी दिसायला अगदी विचित्र झाली. पण एकेक विचित्रपणामागं कारण होतं. पहिल्या नमुन्यांचा पत्रा पन्हाळीसारखा नालीदार, कारण पातळ पत्र्याला नालीनं ताकद येते आणि वजन वाचतं. दिवा एकच, कारण तिथल्या कायद्याला तेव्हा एकच पुरेसा होता. वर पत्र्याचं छत नाही, गुंडाळायची ताडपत्री, म्हणजे उंच सामान उभं नेता येतं. बसायच्या जागा उचलून बाहेर काढता येतात, म्हणजे आत वासरू घाला नाहीतर पोती घाला. आणि गंमत म्हणजे त्याच जागा बांधावर ठेवून जेवायला बसता येतं. मागचं-पुढचं चाक एकमेकाला बाजूच्या नळकांड्यातल्या स्प्रिंगनं जोडलेलं, त्यामुळं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागच्या बाजूला त्याची आधीच खबर लागते आणि गाडी होडीसारखी डुलत जाते, आदळत नाही.

हे चाललेलं असताना १९३९ साली महायुद्ध सुरू झालं. सुरुवातीच्या गाड्या तयार झाल्या होत्या. जर्मनांच्या हाती रचना लागू नये म्हणून बहुतेक मोडून टाकल्या आणि काही लपवल्या. त्यातल्या तीन गाड्या १९९४ साली एका कोठाराच्या माळ्यावर सापडल्या. पन्नासच्या वर वर्षं माळ्यावर! आपण जसं जुनं पाभर-वखर माळवदावर टाकून विसरतो तसंच.

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांसमोर आली. नाव टू सीव्ही, म्हणजे कराच्या हिशेबानं दोन घोड्यांची. इंजिन ३७५ सीसी, खरी ताकद ९ हॉर्सपॉवर. आपला पॉवर टिलरसुद्धा याच्यापेक्षा ताकदीचा असतो. इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटरच नाही, पाणी नाही, थंडीत गोठायची भीती नाही. सुरुवातीच्या गाडीला पेट्रोलचा काटा नव्हता, टाकीत पट्टी बुडवून बघायची. वायपर स्पीडोमीटरच्या तारेवर चालायचा, म्हणजे गाडी पळाली की वायपर जोरात आणि गाडी चढावर हळू झाली की वायपरही हळू. गिअरचा दांडा समोरच्या फळीतनं छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला, ओढायचा आणि ढकलायचा. शहरातल्या पत्रकारांनी हसून घेतलं. पण मागणी एवढी आली की लोकांना काही वर्षं थांबावं लागलं. कंपनीनं आधी कुणाला गाडी दिली? खेड्यातले डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर, पाद्री, शेतकरी, म्हणजे ज्यांचं गाडीवाचून काम अडतं त्यांना.

पुढं तिचा एक भाऊ निघाला, सहारा नावाचा, वाळवंटात चालायला. त्याला दोन इंजिनं. एक पुढं, एक मागं, चाव्याही दोन. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी या. अशा गाड्या सातशेच्या आतच बनल्या. पण मूळची टू सीव्ही मात्र १९९० पर्यंत बनत राहिली, शेवटी शेवटी पोर्तुगालमध्ये, आणि एकूण ३८ लाखांवर गाड्या निघाल्या. बेचाळीस वर्षं चाललेली गाडी, आणि तिची पहिली परीक्षा शेतकऱ्याच्या टोपलीतली अंडी!

टू सीव्ही आपल्याकडच्या रस्त्यावर मी कधी पाहिली नाही. आपल्या वाट्याला फ्रान्स आला तो डिझेलच्या रूपानं. त्याची गोष्ट अशी.

प्युजोनं १९५९ साली त्यांच्या ४०३ या गाडीत डिझेल इंजिन बसवलं. पुढं ४०४ आणि ५०४ या गाड्या आफ्रिकेत खेड्यापाड्यांतून माणसं आणि माल वाहायला लागल्या. आपल्याकडं तेव्हा जीप पेट्रोलवर होत्या. १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप शेतकऱ्याला, ठेकेदाराला परवडेनाशी झाली. महिंद्रानं आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. मग १९७९ साली प्युजोशी करार करून त्यांच्या एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. या आकड्याचा अर्थ सोपा आहे. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. ही इंजिनं ऐंशीच्या दशकात आपल्या महाराष्ट्रातच, इगतपुरीला बनायला लागली. म्हणजे नकाशा फ्रान्सचा, ओतकाम आणि हात इथले.

डीआय आणि डीपीमध्ये फरक काय, हे नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो. डीआय इंजिनात डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतो. प्युजोच्या या इंजिनात फवारा आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत पडतो, तिथं पेट घेतो आणि मग झोतानं पिस्टनवर येतो. त्यामुळं स्फोटाचा दणका कमी बसतो, आवाज मऊ येतो, आणि इंजिन मोटारीसारखं मोकळं फिरतं. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, त्या खोलीच्या भिंतीत थोडी उष्णता वाया जाते, म्हणून डिझेल डीआयपेक्षा जरा जास्त पितं. दुसरं, सकाळी ती खोली थंड असते, म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग लागतो. चावी फिरवून थांबायचं, आतली तार लाल होऊ द्यायची, मगच स्टार्टर मारायचा. चुलीत आधी काडी पेटू दिल्याशिवाय लाकूड घालायचं नाही, तसं.

टपरीवरच्या वादात डीआयवाले म्हणायचे, "आमची गाडी ट्रॅक्टरवाला मिस्तरीसुद्धा खोलतो, आन् लिटरला दोन किलोमीटर जास्त जाते." हे खरंच होतं. डीपीवाले म्हणायचे, "आमच्या गाडीत शेजारी बसलेल्याशी बोलता येतं." हेही खरं. मी दुसऱ्या गटातला.

माझ्या जीपच्या खोडी काय सांगू! डिसेंबरात गव्हाला पहाटे पाणी द्यायला जायचं तर हीटरला वीस आकडे मोजायचे. अठराला चावी मारली तर ती फक्त खोकणार. बरोबर वीसला मारली तर एका दमात चालू. घरातली लहान पोरं अंकगणित या जीपवरच शिकली. डिझेल तळाला गेलं आणि लाइनीत हवा शिरली की खाली उतरून हातपंपानं हवा काढायची. दोन नंबरचा पाना कायम सीटखाली. पावसाळ्यात ताडपत्रीच्या एका ठरावीक कोपऱ्यातनं पाणी बरोबर ड्रायव्हरच्या उजव्या खांद्यावर पडायचं. मी चार वेळा शिवून घेतलं, ते पाचव्या जागेनं यायला लागलं. स्टेअरिंगला चार बोटं ढील, त्यामुळं नवा माणूस सरळ रस्त्यावर साप चालल्यासारखी चालवायचा. मला मात्र तिचं वळण आधीच कळायचं.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बुलांजे साहेबांची अंडी आमच्या जीपमध्ये ठेवली असती तर नाचनवेलपर्यंत जाता जाता आम्लेट झालं असतं. इंजिन फ्रान्सचं असलं तरी खालचे पाटे जीपचेच. मऊपणा बॉनेटखाली होता, बुडाखाली नव्हता.

पण कामं काय काय केली तिनं! सातारी अद्रकीचं बेणं आणलं, मक्याची पोती कन्नडच्या बाजारात नेली, ठिबकच्या नळ्यांची बंडलं छतावर बांधून आणली, तीन वराती काढल्या. सरकीचे भाव बघायला चाळीसगावला जायचं तर औट्रम घाट उतरावा लागतो. श्रावणात घाटात एवढं धुकं असायचं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसायचा. दुसऱ्या गिअरला टाकायची, ब्रेकवर पाय फार ठेवायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवायचं. त्या घाटात इंजिनाचा आवाज ऐकत उतरणं मला इतकं आवडायचं की काम नसलं तरी मी कुणाला तरी सोडायला निघायचो.

एका रात्री भावकीतल्या सुनेला कळा सुरू झाल्या. जुलैचा पाऊस, ओढ्याला पाणी. पक्की गाडी त्या पाण्यात घालायला कुणी तयार होईना. जीपला फोर व्हील लावून लहान गिअरमध्ये ओढा पार केला. मागच्या बाकड्यावर दोन बाया सुनेला धरून बसलेल्या. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो, त्यामुळं वर पाणी उडालं तरी ते पेट्रोलसारखं लगेच बंद पडत नाही. मुलगा कन्नडला पोचल्यावर झाला. आता तो कॉलेजात आहे, आणि मला बघितलं की जीपला हात लावून जातो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ती कुणी फारशी सांगत नाही.

१९९४ च्या सुमारास प्युजो स्वतः महाराष्ट्रात आली. फियाट पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली कंपनी, तिच्याबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्युजो ३०९ बनायला लागली. या ३०९ चीही गंमत आहे. प्युजोच्या आकड्यांत मधे नेहमी शून्य असायचं. ही त्यांची खूण एवढी पक्की की १९६४ साली पोर्श कंपनीला आपल्या ९०१ गाडीचं नाव ९११ करावं लागलं. पण ३०९ हा आकडा त्यांच्या रांगेत बसत नाही, ३०६ च्या आधीच ३०९ आली. कारण ती मुळात टॅलबो या दुसऱ्या नावानं विकायची म्हणून आखलेली गाडी. ते नाव बंद करायचं ठरलं आणि ऐनवेळी तिच्यावर सिंह लावून तिला घरात घेतलं. दत्तक पोरच म्हणा ना.

माझे मेहुणे तेव्हा नाशकात होते, त्यांच्याकडं डिझेलची ३०९ होती. मी दोन-तीनदा चालवली. अहो, काय सांगावं! जीपमधनं उतरून तिच्यात बसलं की बैलगाडीतनं उठून झोपाळ्यावर बसल्यासारखं. खड्डा दिसायचा, अंग आवळून घ्यायचो, आणि खड्डा गेला तरी कळायचं नाही. सिन्नरच्या रस्त्यावर मागच्या सीटवर सासूबाई झोपून गेल्या होत्या. अंड्यांची अट त्या गाडीनं पाळली असती, असं मला आजही वाटतं. लिटरला मैलही चांगले द्यायची.

पण ती गाडी टिकली नाही. कारखान्यात कामगारांचा संप, भागीदारांचं जमेना, आणि १९९७ साली प्युजो निघून गेली. तीनेक वर्षांत खेळ खलास. गाडीत खोट नव्हती. पण गाडी बनवणारा निघून गेला की चांगली गाडीही पोरकी होते. दाराची काच, दिवा, शॉकअब, अशा साध्या गोष्टींसाठी लोकांना मुंबईच्या भंगार बाजारात शोध घ्यावा लागायचा. इंजिनाला मात्र नशिबानं एक आधार मिळाला. त्याच घराण्यातलं १५२७ सीसीचं डिझेल इंजिन १९९८ च्या सुमारास मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये आलं. म्हणजे घर मोडलं, पण चूल दुसऱ्याच्या घरात पेटत राहिली.

तिसरी गोष्ट लोगनची. रेनॉ ही फ्रान्सची आणखी एक कंपनी. महिंद्राबरोबर भागीदारीत २००७ साली नाशकात लोगन बनायला लागली. ही गाडी मुळात कमी पैशात मोठं कुटुंब नेणारी म्हणून आखलेली. दिसायला अगदी पेटीसारखी, पण पेटीत माल मावतो हे शेतकऱ्याला समजतं. तिची डिक्की ५१० लिटरची. डिझेल इंजिन दीड लिटरचं, ६५ हॉर्सपॉवर. तिथंही भागीदारी टिकली नाही, २०१० साली रेनॉ बाहेर पडली. पण इथं महिंद्रानं गाडी सोडली नाही. नाव बदललं, २०११ पासून ती व्हेरिटो झाली, आणि टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर चालवली.

आता तीन गाड्या शेजारी ठेवून बघा. तिन्हींचा देश एक. तिन्ही महाराष्ट्रात बनल्या. कल्याण, नाशिक, इगतपुरी. जीपचं इंजिन चाळीस वर्षांनीही चालू आहे, लोगन तगली, आणि तिघींत सगळ्यात मऊ चालणारी ३०९ आधी गेली. फरक यंत्रात नव्हता. फरक हा होता की सुटा भाग बनवणारा आणि विकणारा जागेवर राहिला का नाही. एक्सडीपी इंजिन इगतपुरीला बनलं, त्याचे पिस्टन, रिंगा, नोझल, गास्किट बनवणारे छोटे-मोठे कारखानदार तयार झाले, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात ते खोलणारा एक तरी मिस्तरी झाला. पुढं २००० साली बोलेरो आली, तिच्यातल्या काही मॉडेलांतसुद्धा प्युजोचंच मोठं भावंड होतं, एक्सडी-३पी, २४९८ सीसीचं. असं घराणं चालू राहिलं म्हणून माझी जीप चालू राहिली.

आमचे मिस्तरी चाचा आता सत्तरीच्या पुढं आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, पण इंजिन चालू केलं की कान लावून सांगतात, तीन नंबरचं नोझल धूर देतंय. खोलून बघितलं तर तेच निघतं. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. त्यांच्या पोरानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही संसार आहे. पण चाचांच्या कानात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग सुटा भाग मिळूनही उपयोग नाही.

२०२४ साली जीपचं रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी करून घेतलं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीला पूर्वी सहाशे रुपये फी होती, एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. वर पर्यावरण कर वेगळा. पोरगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या, सरकार सवलत देतंय." त्याचा हिशेब चुकीचा नाही. जुनं इंजिन धूर जास्त करतं हे मलाही कळतं. म्हणून मी आता तिला महिन्यातनं दोन-तीनदाच काढतो, नोझल वेळेवर तपासून घेतो, आणि रोजच्या कामाला छोटा टेम्पो वापरतो. पण ओढ्याला पाणी आलं की गावातले लोक अजून टेम्पोकडं बघत नाहीत. जीपकडंच बघतात.

हे सगळं शेतीच्या पानावर कशाला लिहिलं? कारण सध्या आपल्याकडं यंत्रांचा पूर आलाय. पॉवर वीडर, पेरणीयंत्र, फवारणीचे ड्रोन, बॅटरीचे पंप. अनुदान आहे म्हणून घेतले जातात. दोन हंगामांत एखादा छोटा भाग तुटतो, विकणारा फोन उचलत नाही, आणि यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्यांना बसायला होतं. माझ्या ओळखीत अशी सात-आठ यंत्रं आहेत. त्यातली बरीचशी वाईट नव्हती. ती ३०९ होती.

म्हणून घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा. एक, याचा झिजणारा भाग, म्हणजे पट्टा, ब्लेड, नोझल, बेअरिंग, हे कन्नड-सिल्लोडला मिळतं का, का फक्त कंपनीकडंच? दोन, आपल्या पंचक्रोशीत हे खोलणारा माणूस आहे का? नसेल तर विकणारा एका पोराला शिकवून जाईल का? तीन, याच घराण्यातलं इंजिन किंवा भाग दुसऱ्या कुठल्या चालू यंत्रात आहे का? म्हणजे मूळ कंपनी गेली तरी आधार राहील. तिन्हीचं उत्तर नाही असलं तर अनुदान कितीही असू द्या, हात आखडा.

आणि आपलं पान वाचणारे कृषी विद्यापीठातले, कृषी खात्यातले, अवजारं बनवणारे जे साहेब लोक आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती. बुलांजे साहेबांनी इंजिनिअरांना आकृती दिली नाही, शेतकऱ्याची टोपली दिली. आमची टोपली काय आहे ती आम्हाला विचारा. मी माझी सांगतो: चार फुटाच्या गादीवाफ्यावरची अद्रक, ठिबकची नळी न तोडता, कंद न फोडता, ओल्या काळ्या जमिनीत, दोन माणसांनी काढता आली पाहिजे. मजूर मिळत नाही म्हणून दरवर्षी काढणी लांबते आणि भाव हातचा जातो. ही आमची अंडी. ती न फोडता नेणारं यंत्र दिसायला कितीही विचित्र असलं तरी चालेल. आम्ही हसणार नाही, रांगेत उभं राहू.

टू सीव्ही बनवणारी ती सिट्रोएन कंपनी २०२१ पासून भारतात गाड्या विकतेय, तमिळनाडूत बनवून. शोरूमच्या काचेतनं बघितल्या मी, चकचकीत आहेत. विक्रेत्या पोराला म्हटलं, "बाळा, हिच्यात अंडी ठेवून नांगरटीतनं नेता येईल का?" त्यानं मला पाणी आणून दिलं.

असो. पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय. अद्रकीच्या वाफ्यातले चर तुंबले असतील तर आजच मोकळे करून घ्या, पाणी थांबलं की कंदकूज वाढते. आणि तुमच्या गोठ्यात डीपी जीप उभी असेल, तर तिला आठवड्यातनं एकदा तरी चालू करा. वीसपर्यंत मोजून.